वाक्य जुनं, आवाज नवा

प्रश्न : अमेरिकेतले गेम शो मी बरीच वर्षं पाहते. लाडका निवेदक गेला, की नवा आवाज कानाला टोचतो. हे लोक निवडतात कसे? आणि नव्यानं जुन्याची नक्कल केली तर काय बिघडलं?

उत्तर : बिघडतं, ताई. नक्कल ऐकली की गेलेला माणूसच जास्त आठवतो. वाक्य जुनं घ्यावं, आवाज आपला लावावा, असं माझं ठाम मत आहे.

वस्तूंच्या किमती ओळखायचा 'द प्राइस इज राइट' हा गेम शो पाहा. १९७२पासून निवेदक जॉनी ऑल्सन स्पर्धकाचं नाव पुकारून 'कम ऑन डाउन!', म्हणजे 'या खाली!', म्हणायचे. ऑक्टोबर १९८५मध्ये ते गेले. निर्मात्यांनी घाई केली नाही. जीन वूड, बॉब हिल्टन, रॉड रॉडी यांना आळीपाळीनं प्रत्यक्ष भागांतच बोलायला लावलं आणि १९८६मध्ये रॉडींना कायम केलं. हाक तीच राहिली. पण झगमगीत कोट घालणारे रॉडी ऑल्सनसारखे मुळीच नव्हते. २००३मध्ये निधन होईपर्यंत ते त्या कार्यक्रमाचे होते.

ही पद्धत मला पटते. मी स्वतः निवेदन करते, म्हणून सांगते : बंद खोलीतल्या चाचणीत आवाज कळतो, माणूस कळत नाही. चित्रीकरणाआधी प्रेक्षकांना रंगात आणायचं, बक्षिसाचं वर्णन नेमक्या वेळात बसवायचं, सूत्रसंचालकाच्या बोलण्याची लय धरायची, हे सगळं निवेदकाकडे असतं. 'प्राइस'मध्ये तर गोंगाट इतका, की पुकारलेलं नाव फलकावर लिहूनही दाखवावं लागतं.

चक्र फिरवून शब्दकोडी सोडवायच्या 'व्हील ऑफ फॉर्च्यून'चे निवेदक चार्ली ओडॉनेल नोव्हेंबर २०१०मध्ये गेले, तेव्हा आधीच चित्रित झालेल्या भागांतला त्यांचा आवाज काढून तिथे दुसऱ्यांचा भरला. हे मला आजही खटकतं. ते काम त्यांनी केलेलं होतं. प्रेक्षकांना ते ऐकू द्यायला हवं होतं. २०११मध्ये जिम थॉर्नटन आले. लॉस एंजेलिसच्या रेडिओवर वाहतुकीच्या बातम्या देणारा माणूस! त्यांची निवड मात्र उत्तम झाली.

तुमच्या कानाचं म्हणाल, तर काही महिने जाऊ द्या. सुरुवातीला नवा निवेदक जुन्याच्या लयीला बेतलेली वाक्यं वाचत असतो. लेखक त्याच्यासाठी लिहायला लागले, की मग त्याला पारखा.