सहीची घाई नको, वही बरोबर न्या

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. चौथीपर्यंत डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत होता, यंदा पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या अनुदानित हायस्कुलात गेला. शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे. तोंडी उत्तरं घडाघडा देतो, मराठीत रमतो, पण त्याला वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे असा मानसशास्त्रज्ञांचा अहवाल आहे, दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र अजून नाही. पुढच्या आठवड्यात शाळेने त्याच्या ‘वैयक्तिक शैक्षणिक योजने’साठी बैठक बोलावली आहे. वर्गशिक्षिका फोनवर म्हणाल्या, ‘त्याच्याजवळ बसायला तुमच्या खर्चाने शिक्षिका ठेवा, नाहीतर विशेष शाळा बघा. एका कागदावर सही लागेल.’ मिस्टर वेर्ण्याला शिफ्टमध्ये असतात, म्हणून मी एकटीच जाणार आहे. पालकांच्या हक्कांची एक यादी इंटरनेटवरून काढली आहे, ती, अहवाल आणि वह्यांचे फोटो पत्रासोबत पाठवते. वकील नेऊ का? सही केली नाही तर मुलाला काढून टाकतील का?

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. नाही, सही केली नाही म्हणून मुलाला शाळेतून काढता येत नाही. विशेष शाळेत घालायचं की नाही हा निर्णयसुद्धा शाळेचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ३१ चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांबद्दल आहे. तिथेही शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाचीच, म्हणजे पर्यायाने आईवडिलांची आहे. मग जो मुलगा तोंडी उत्तरं घडाघडा देतो, त्याला विशेष शाळेत जायला कोण भाग पाडणार?

तुम्ही पाठवलेली यादी वाचली. ती अमेरिकेतल्या पालकांसाठी आहे. तिथे १९७५ पासून अशा मुलांच्या शिक्षणासाठी वेगळा कायदा आहे. बैठकीला कोण हजर हवं, पालकांची लेखी संमती कधी लागते, वाद झाला तर सुनावणी कुठे, हे सगळं तिथे ठरलेलं आहे. आपल्या २०१६ च्या कायद्यात ‘वैयक्तिक शैक्षणिक योजना’ हे शब्द तुम्हाला सापडणार नाहीत. ती यादी पुढे केलीत तर मुख्याध्यापक म्हणतील, हे इथे लागू नाही, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असेल. ती घरीच ठेवा आणि आपल्या कायद्याच्या कलम १६ ची प्रत काढून न्या.

सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेवर हे कलम जबाबदारी टाकतं. मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची, लागेल तो आधार द्यायचा, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलायची आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असल्याने तुम्हाला कदाचित सांगतील, ‘आम्हाला कायदा लागू नाही.’ ते सांगणं अर्धवट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं, पण दिव्यांग हक्कांचा कायदा वेगळा आहे आणि कलम १६ मध्ये अशी सूट कुठेच नाही. हे वाक्य पाठ करून जा.

आता ती तुमच्या खर्चाने ठेवायची शिक्षिका. वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, अशी कायद्याची व्याख्याच आहे. सोय करायची जबाबदारी शाळेची असताना तिचा खर्च प्रवेशाची अट म्हणून आईवर टाकता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही’ हेही कारण चालत नाही. सर्वसाधारण शाळांमध्ये विशेष शिक्षकांची पदं भरण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीश कुमार पांडे प्रकरणात दिले आहेत. शाळेला मागणी करायची असेल तर तिने ती समग्र शिक्षा या सरकारी योजनेकडे आणि शिक्षण खात्याकडे करावी. शिवाय अहवाल वाचल्यावर मला वाटतं, तुमच्या मुलाला दिवसभर शेजारी बसणाऱ्या माणसाची गरजच नाही. त्याला वेळ हवा आहे, आणि वाचनाचे-लेखनाचे अडथळे थोडे कमी व्हायला हवेत.

हे पटवायला तुमच्याजवळ कायद्याहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे त्याच्या वह्या. विज्ञानाच्या वहीचा फोटो मी बराच वेळ पाहत होतो. फळ्यावरून उतरवलेल्या तीन ओळी, तिसरी अर्ध्यावर तुटलेली, खाली कोरं पान आणि त्यावर लाल शाईत ‘इनकम्प्लीट’. त्याच धड्याच्या तोंडी परीक्षेत त्याला दहापैकी नऊ गुण आहेत. ही दोन पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि मगच बोलायला सुरुवात करा. मुलाला कळतं, पण कागदावर उतरवता येत नाही, हे कुणालाही दिसेल.

आपल्याकडचा एक अडथळा मात्र आधीच ओळखा. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत एकदम इंग्रजी, हे गोव्यातल्या हजारो मुलांचं होतं. त्यामुळे शाळा म्हणेल, ‘इंग्रजी नवीन आहे, म्हणून अडतोय, वर्षभरात सुधारेल.’ त्यावर तिसरी-चौथीच्या मराठीच्या वह्या काढा. काना-मात्रा तिथेही गळलेल्या आहेत, जोडाक्षरं तिथेही सुटलेली आहेत. आणि अहवालात चाचण्या कोणत्या भाषेत घेतल्या ते तपासा. फक्त इंग्रजीत घेतल्या असतील, तर मराठीतही घ्यायची विनंती मानसशास्त्रज्ञांना आजच करा.

मागण्या एका कागदावर लिहून न्या. ‘मुलाकडे लक्ष द्यावे’ असं लिहिलंत तर ‘हो’ म्हणतील आणि काहीच होणार नाही. नेमकं लिहा : घटक चाचणीत तासाला वीस मिनिटं जादा, प्रश्न वाचून दाखवणं, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी झेरॉक्स, भाषा सोडून इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण न कापणं, आठवड्यातून ठरावीक तासिका विशेष शिक्षकाकडे. वीस मिनिटांचं प्रमाण माझ्या मनातलं नाही. केंद्र सरकारच्या लेखी परीक्षांबाबतच्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळाचा तोच दर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आणि लेखनिक या सोयींचा उल्लेख कलम १७ मध्येच आहे. भाषेची सूट आज लगेच मागू नका, मुलगा मराठीत रमतो असं तुम्हीच लिहिलंय. पण पुढे लागू शकेल, असं नोंदवून ठेवा. प्रत्येक मागणीपुढे कोण करणार, कधीपासून आणि आढावा कधी, हे तीन रकाने रिकामे सोडा आणि बैठकीतच भरून घ्या. ‘सरकारी प्रमाणपत्र नाही, मग सवलत कशी?’ असं विचारतील. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं आहे की लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येत नाही आणि सोय त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या गरजेप्रमाणे ठरवायची असते. घटक चाचण्या शाळेच्याच हातात आहेत, बोर्डाची परवानगी लागत नाही. आणि आतापासून शाळेच्या दप्तरी या सोयींची नोंद राहिली, तर दहावीला बोर्डाकडे सवलत मागताना तीच नोंद कामाला येईल.

वकील नेऊ नका. पहिल्याच बैठकीला काळा कोट दिसला की सगळे गप्प बसतात, आणि ज्या बाईंच्या वर्गात तुमचा मुलगा रोज बसतो त्याच दुरावतात. त्यांच्या वर्गातही चाळीस मुलं असतील. त्यांना सोपं पडेल असं मागा, त्या तुमच्या बाजूने येतील. बहीण किंवा भाऊ बरोबर न्या आणि त्यांना फक्त लिहून घ्यायला सांगा. कोण काय बोललं, ते शब्दशः.

सहीबद्दल : हजेरीच्या कागदावर करा, बाजूला ‘फक्त उपस्थितीसाठी’ असं लिहून. दुसरा कुठलाही कागद पुढे आला तर ‘प्रत मिळाली, घरी वाचून कळवते’ एवढंच लिहून तारीख घाला. ‘स्वेच्छेने शाळा बदलत आहोत’ किंवा ‘शाळा जबाबदार राहणार नाही’ अशी ओळ असलेल्या कागदावर अजिबात नाही, कितीही गोड बोलले तरी.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना पत्र द्या : ‘कालच्या बैठकीत पुढील गोष्टी ठरल्या. यात काही चूक असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे.’ खाली ठरलेल्या गोष्टी आणि नाकारलेल्या गोष्टी, नाकारण्याच्या कारणासह. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. पुढे वाद झालाच तर सगळ्यात जास्त वजन याच कागदाला येईल.

महिनाभरात काही हललं नाही तर तीच प्रत जोडून भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग पर्वरीला शिक्षण संचालनालयाकडे अर्ज करा. त्याने भागलं नाही तर राज्याच्या दिव्यांग व्यक्ती आयुक्तांकडे तक्रार द्या. चौकशीत कागदपत्रं आणि साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधित अधिकाऱ्याला तीन महिन्यांत कारवाई कळवावी लागते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणं द्यावी लागतात. वकील तेव्हा घ्या, आणि त्याला पैसेही लागणार नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली महिला, मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा.

प्रमाणपत्राचं काम मात्र बैठकीसाठी थांबवू नका. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि ओळखपत्रासाठी (युडीआयडी) या आठवड्यातच अर्ज भरा आणि पोचपावतीची प्रिंट बैठकीला न्या. अर्ज केलेला आहे हे दिसलं की ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ म्हणणं शाळेला अवघड जाईल. तपासणीला बोलावतील तेव्हा मानसशास्त्रज्ञांचा अहवाल आणि तिसरीपासूनच्या वह्या घेऊन जा. मूळ वह्या कुणाकडे ठेवू नका, फोटोप्रती द्या.