मदरबोर्ड जळाल्यावर विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागतं का?

तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. देवगडात ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि आंब्याच्या हंगामात पट्ट्या-बिलं टाइप करून देण्याचं दुकान. २०१३चा असेंबल पीसी (इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर), त्यावर रीतसर घेतलेलं विंडोज ७ होम प्रीमियम, २०१६मध्ये फुकट अपग्रेडमधून झालेलं विंडोज १०. वळवाच्या विजेत मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्यानं एच६१० बोर्ड, बाराव्या पिढीचा आय३ आणि नवीन रॅम बसवली, विंडोज ११ प्रो टाकून दिलं. आता कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ दिसतं आणि तो ४०० रुपयांत ॲक्टिव्हेशनची ‘की’ (२५ अक्षरी कोड) देतो म्हणतो.

४०० रुपये लगेच देऊ नका. ॲक्टिव्हेट न झालेलं विंडोज दुकान बंद पाडत नाही. कोपऱ्यातलं पुसट अक्षर राहतं, वॉलपेपर-रंग बदलता येत नाहीत, बाकी प्रिंटर, ब्राउझर, अपडेट सगळं चालू राहतं. कायद्यानं हे कायमचं चालवायचं नाही, पण आठवडाभर शोध घ्यायला हरकत नाही.

घोटाळा कुठे झाला ते आधी बघू. २०१६च्या फुकट अपग्रेडमध्ये तुम्हाला नवीन २५ अक्षरी की मिळालीच नव्हती. त्या वेळी तुमच्या मशीनच्या हार्डवेअरची ओळख आणि विंडोजची एडिशन (होम, प्रो असा प्रकार) एवढं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलं गेलं. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. म्हणून त्याच मशीनवर कितीही वेळा फॉरमॅट मारा, की न टाकता नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट व्हायचं. रॅम, हार्डडिस्क, ग्राफिक्स कार्ड बदललं तरी सहसा फरक पडत नाही. त्या ओळखीत सगळ्यात जड भाग मदरबोर्डचा असतो. तो बदलला की सर्व्हरच्या लेखी हे परकं मशीन, आणि मग ०एक्स८०३एफ७००१ किंवा ०एक्ससी००४एफ२११ असे कोड येतात. पहिल्याचा अर्थ या मशीनसाठी लायसन्स सापडलं नाही, दुसऱ्याचा अर्थ हार्डवेअर बदललेलं दिसतंय.

आता तुमच्या बाबतीतली सर्वांत ठळक चूक, जी दुरुस्तीवाले सर्रास करतात. तुमचं लायसन्स होमचं आहे आणि त्यानं प्रो टाकलंय. विंडोज ७ स्टार्टर, होम बेसिक आणि होम प्रीमियमचं विंडोज १० होम होत असे; प्रोफेशनल आणि अल्टिमेटचं प्रो. होमचं लायसन्स प्रोला कधीच लागू होणार नाही, तुम्ही कितीही वेळा ट्रबलशूट दाबा. (विंडोज १०चं लायसन्स त्याच एडिशनच्या ११ला चालतं, ती काळजी नको.) प्रोवरून होमवर यायचा सरळ रस्ता नाही, पुन्हा स्वच्छ इन्स्टॉलच करावं लागतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल, साधारण ५ ते ६ जीबी डाउनलोड. इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे की नाही’ निवडायचं आणि यादीतून ‘होम’ घ्यायचं, ‘होम सिंगल लँग्वेज’ नव्हे. ती वेगळी एडिशन आहे. आपल्याकडच्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपवर तीच येते, म्हणून दुरुस्तीवाल्यांच्या हातात तिची सवय बसलेली असते.

पण एवढा खटाटोप करण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे: जुन्या मशीनवर तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करत होतात का? ऑगस्ट २०१६च्या अपडेटपासून डिजिटल लायसन्स अकाउंटला जोडता येतं, आणि ॲडमिन युजर मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा असेल तर ते आपोआप जोडलं जातं. फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर जाऊन ‘डिव्हाइसेस’ उघडा. जुन्या पीसीचं नाव तिथे दिसत असेल तर आशा आहे. होम टाकून झालं की त्याच अकाउंटनं, ॲडमिन युजर म्हणून लॉगिन करा. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, मग ट्रबलशूट. तिथे ‘अलीकडे हार्डवेअर बदललं’ अशा अर्थाचा पर्याय येतो. यादीतून जुन्या पीसीचं नाव निवडून ‘सध्या मी हेच वापरतोय’ याला टिक करून ॲक्टिव्हेट करायचं. ही सोय ठरावीक वेळाच मिळते, तेव्हा उगाच प्रयोग करत बसू नका.

अकाउंट जोडलेलं नसेल, म्हणजे दुकानात सगळे करतात तसं नुसतं ‘ॲडमिन’ नावाचं लोकल अकाउंट असेल, तर जुना बोर्ड मेल्यावर ते आता जोडता येत नाही. मग २०१३चं विंडोज ७ कोणत्या प्रकारचं होतं ते बघायचं. जुना कॅबिनेट भंगारात दिला नसेल अशी आशा आहे. त्याच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर ‘ओईएम सॉफ्टवेअर’ (मशीन जुळवणाऱ्यांसाठीचं लायसन्स) असं छापलेलं असेल तर ते लायसन्स त्या पहिल्या मशीनसोबतच जन्मलं आणि तिच्यासोबतच गेलं. ओईएममध्ये सवलत एकच: बोर्ड बिघडला म्हणून त्याच मॉडेलचा किंवा कंपनीनं समतुल्य ठरवलेला बोर्ड बसवला तर ते मशीन जुनंच मानलं जातं. तिसऱ्या पिढीच्या जागी बारावी पिढी बसवणं त्यात येत नाही, ते नवीन मशीनच झालं. याउलट दुकानातून डबी घेतली असेल, की डबीच्या आतल्या कार्डावर असेल, तर ते रिटेल. रिटेल एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं, आणि फुकट अपग्रेड झालं तरी तो हक्क त्याच्यासोबत जातो. अडचण अशी की विंडोज ७ आणि ८च्या की टाकून १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली. म्हणजे हक्क आहे, पण की टाकायला खिडकी नाही. डबी आणि बिल दोन्ही हातात असतील तर विंडोजमधल्या ‘गेट हेल्प’मधून सपोर्टशी बोलून बघा, तिथे समोरच्याच्या मर्जीचा भाग बराच असतो. काहीच सापडत नसेल तर प्रामाणिक उत्तर हेच की नवीन लायसन्स घ्यावं लागेल.

४०० रुपयांच्या कीबद्दल. अशा की बहुधा कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या (एकगठ्ठा अनेक मशीनसाठी घेतलेल्या) किंवा भंगारातल्या मशीनवरून उचललेल्या असतात. आज चालतात, आणि ब्लॉक झाल्या की पुन्हा तेच अक्षर कोपऱ्यात. की नसेल तर तो एखादा ‘ॲक्टिव्हेटर’ चालवेल, आणि त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावेल. तुमच्या दुकानात लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, डिजिटल सह्यांचे टोकन येतात. तिथे हा प्रकार मला अजिबात पटत नाही. त्यानं काय केलंय ते तुम्ही स्वतः बघू शकता: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग एक स्पेस, तिरकी रेघ आणि डी-एल-आय टाइप करून एंटर दाबा. चौकटीत ‘चॅनल’, म्हणजे की कोणत्या प्रकारची आहे ते, लिहिलेलं असतं. ‘रिटेल’ किंवा ‘ओईएम’ दिसलं तरी तेवढ्यावरून की खरी ठरत नाही. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असेल आणि मशीन कुठल्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसेल तर ते चोरीचं आहे. केएमएस म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं ॲक्टिव्हेशन, त्याची मुदत एका वेळी १८० दिवसांचीच असते.

नवीन घ्यायचंच ठरलं तर माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावर रिटेलच घ्या, ओईएम स्वस्त मिळालं तरी नको. पुण्यात एसी ऑफिसमध्ये बोर्ड दहा वर्षं चालतो, तिथे ओईएम परवडतं. आपल्याकडे खाऱ्या हवेनं रॅमच्या स्लॉटवर हिरवट थर चढतो, आणि जांभ्याच्या कातळात अर्थिंग धड लागत नाही. वळवाच्या नाहीतर परतीच्या पावसात वीज महावितरणच्या तारेतून किंवा नेटच्या वायरीतून आत येते. बोर्ड पुन्हा कधीतरी जाणारच असं धरून लायसन्स घ्यायचं. बिलावर एडिशन आणि रिटेल असा उल्लेख मागून घ्या, आणि ॲक्टिव्हेट झाल्याबरोबर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘अकाउंटला जोडलेलं डिजिटल लायसन्स’ अशा अर्थाची ओळ दिसली की काम झालं.

वाचणाऱ्या इतरांसाठी: विजेनंतर बोर्ड खरंच गेलाय का ते आधी नीट बघा. पुष्कळदा नेटच्या वायरीतून आलेल्या झटक्यानं फक्त बोर्डावरचा लॅन पोर्ट जातो. बायोसमध्ये तो बंद करून साधं पीसीआय एक्सप्रेस किंवा यूएसबी लॅन कार्ड बसवलं की मशीन चालतं, बोर्ड तोच राहतो आणि लायसन्सही. कधी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेलेला असतो. कधी नुसता बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. मग तारीख मागे जाते आणि ०एक्स८००७२एफ८एफ असा कोड देऊन ॲक्टिव्हेशनही अडतं. तारीख-वेळ नीट लावली की सुटतं. जुना बोर्ड वाचला आणि विंडोज १०वरच राहायचं असेल तर लक्षात घ्या, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच, आणि तिसऱ्या पिढीच्या मशीनवर ११ अधिकृतपणे बसत नाही. इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं.

लॅपटॉपवाल्यांचं गणित वेगळं. विंडोज ८पासून ब्रँडेड लॅपटॉपची की बोर्डावरच्या बायोसमध्येच लिहिलेली असते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं बोर्ड बदलला तर ती नव्या बोर्डात लिहून देणं त्यांचं काम; मशीन ताब्यात घेण्याआधी तिथेच ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा. बाजारातून जुना बोर्ड आणून बसवला तर त्यात दुसऱ्याच लॅपटॉपची की असते, आणि इन्स्टॉलर तीच वाचून न विचारता त्या एडिशनचं विंडोज टाकतो. प्रोच्या जागी सिंगल लँग्वेज आलं की लोक चक्रावतात, ते यामुळेच.

तुमच्या पुन्हा इन्स्टॉलच्या वेळी अडखळायच्या जागा सांगून ठेवतो. जुन्या डिस्कवरून थेट बूट करायचा प्रयत्न करू नका. ती एमबीआर या जुन्या मांडणीची असणार आणि तुमच्या बोर्डावर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना, जुन्या पद्धतीचं बूट मिळत नाही. दुसरी डिस्क म्हणून जोडा आणि फाइल्स काढून घ्या. टीपीएम नाही म्हणून इन्स्टॉलर अडला तर बायोसमध्ये ‘इंटेल पीटीटी’ चालू करा. नव्या बोर्डाच्या लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच घ्या. विसरलात तर फोन यूएसबीनं लावून टेदरिंग करा, ते बहुधा लगेच ओळखलं जातं.

फॉरमॅटआधी सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची प्रत काढा, नाहीतर जुन्या मराठी फॉन्टमधल्या सगळ्या पत्रिका आणि पावत्यांत इंग्रजी अक्षरं-चिन्हांची खिचडी दिसेल. टॅली या मशीनवर चालू केलं असेल तर ‘मॅनेज लायसन्स’मधून सरेंडर करा, मगच पुसा. बोटांच्या ठशाच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (त्याचं सॉफ्टवेअर) आणि सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागेल, त्यांच्या फाइल्स हाताशी ठेवा.

आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून स्वच्छ इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की होममध्येसुद्धा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते. पुढच्या वेळी बोर्ड गेला तर तीच डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, आणि ती नसेल तर डेटा कुठलाही दुरुस्तीवाला काढून देऊ शकणार नाही. ती की तुमच्या अकाउंटमध्ये असते. कागदावर उतरवून दुकानात नको, घरी ठेवा.

कॅबिनेटवरच्या स्टिकरची ओळ (की झाकून) आणि डी-एल-आयच्या चौकटीत दिसणारा चॅनल इथे खाली लिहा, म्हणजे तुमचं लायसन्स कोणत्या प्रकारात बसतं ते सांगता येईल.