प्रोसेसरआधी बायोस बघ

मॅक चांगला की पीसी, या वादात लगेच उतरू नकोस. आधी दोघांचं मूळ बघ. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला तो बाजारातले तयार भाग जोडून: इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर, सोबत मायक्रोसॉफ्टची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम. खास स्वतःचं असं एकच राहिलं, बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा आणि त्याच्या भागांशी बोलणारा चिपमधला मूळ प्रोग्रॅम. त्याचा कोडही त्यांनी तांत्रिक पुस्तिकेत छापला होता! पण कॉपीराइट होता. मग कॉम्पॅक या दुसऱ्या कंपनीत एका गटाने बायोस नेमकं काय करतो तेवढंच लिहून काढलं आणि मूळ कोड न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा कोड लिहिला. या सगळ्या इतिहासातला मला सर्वात आवडणारा भाग हाच. इतरांनीही आपापले बायोस तयार केले आणि क्लोनचा, म्हणजे आयबीएम पीसीसारख्याच चालणाऱ्या संगणकांचा, पूर आला.

ॲपलने १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये खिडक्या आणि मेनू काढणारा कोड ६४ केबीच्या रॉममध्येच, म्हणजे कायमस्वरूपी स्मृतीच्या चिपमध्येच, बसवला. नक्कल करू देणारी ती किल्ली त्यांनी हातची सोडली नाही.

आणि नुसते प्रोसेसर तोलू नकोस. १९८५ च्या अमिगा या संगणकातही मॅकसारखाच मोटोरोला ६८००० होता, पण चित्र आणि आवाजासाठी वेगळ्या चिप्स होत्या. एमुलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) दोन्ही चालवून बघ, फरक लगेच कळेल.