कांदा सडला, भोपळे मऊ पडले, आता काय करू?

प्रश्न: ताई, घरची अर्धा एकर जागा आहे, आम्ही दोघं, सासूबाई आणि पोरं मिळून करतो. पिकतं छान, रडगाणं पुढचं आहे. यंदा आभाळ भरून आलं म्हणून कांदा उपटला, त्याच दिवशी पात कापली, पोत्यात गच्च भरला आणि खोलीत बटाट्याशेजारी रचून ठेवला. दीड महिन्यात निम्मा सडला, उरलेल्याला कोंब आले. लाल भोपळ्यांचे देठ मोडून आणले होते, तेही मऊ पडतायत. पुढच्या वेळी बियाणं बदलू का?

उत्तर: बियाण्याने काय घोडं मारलंय हो! कांदा शेतात चांगलाच होता, तो पोत्यात गेला. पात ओली असताना कापली की मानेची, म्हणजे कांदा आणि पात जुळतात तिथली जखम उघडी राहते, सड तिथूनच आत शिरते. म्हणजे चूक त्या एका दिवसातली आहे, आणि आभाळ भरून आलं की आपण सगळेच अशी घाई करतो, मीही केलीय.

पुढच्या वेळी असं करा. निम्म्याहून जास्त झाडांच्या माना पडल्या, म्हणजे पात मानेत वाकून आडवी झाली, की कांदा तयार समजा. पाणी मात्र त्याआधी दहा-बारा दिवस तोडायचं, नाहीतर मान जाड राहते आणि वाळतच नाही. उपटल्यावर पातीसकट ओळीत पसरा, एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यांवर येईल अशी, म्हणजे ऊन पातीला लागतं, कांदा भाजत नाही. तीन-चार दिवसांनी पात कापा पण बोटाच्या दोन पेरांएवढी मान ठेवून, आणि मग सावलीत, वारा खेळेल असे 10 ते 15 दिवस. पाऊस असेल तर सरळ छपराखाली पसरा, पण कापू नका. तयार झाला की नाही ते बघायला मान चिमटीत धरून चोळा, आत ओलं गुळगुळीत काही सरकलं तर अजून थांबा. डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले, जोड, जाड मानेचे आणि खरचटलेले कांदे बाजूला काढून आधी संपवा, ते टिकतच नाहीत.

बटाट्याशेजारी तर अजिबात नको. बटाट्याला थोडा दमटपणा आणि अंधार लागतो, कांद्याला कोरडी हवा, दोघांचा संसार एका खोलीत होत नाही. (बटाटा उजेडात हिरवा पडतो, आणि हिरव्या भागात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं, तसे बटाटे खाऊ नका.) अजून एक, 10 ते 20 अंश तापमानात कांद्याला कोंब लवकर येतात, त्यामुळे नुसतं 'गार जागेत ठेवलं' म्हणून निश्चिंत राहू नका. एकतर अगदी थंड, नाहीतर 25-30 अंशांची कोरडी हवेशीर जागा. गच्च पोतं नको, जाळीचे क्रेट घ्या.

भोपळ्याचं सोपं आहे. सालीत नख रुतत नाही आणि देठ वाळून खडबडीत झालाय, मग तीन-चार इंच देठ ठेवून कातरीने कापा आणि देठाला धरून उचलू नका, कारण देठ निघाला की तिथून सड सुरू. दहा-बारा दिवस उबदार हवेशीर जागी ठेवले की साल टणक होते. फ्रीज नको, 10 अंशांखाली ते थंडीनेच बिघडतात.

प्रश्न: टोमॅटोचं बी घरी धरलं तर एकेक झाड वेगळंच निघालं, असं का?

उत्तर: हायब्रीडचं धरलं असणार. त्याचे गुण पुढच्या पिढीत फाटतात. सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेल्या वाणाचं धरा, चार-पाच चांगल्या झाडांचं, पूर्ण पिकलेल्या फळांचं. बी गरासकट बाटलीत काढून थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबवायचं, रोज ढवळायचं, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. धुतलं की चांगलं बी तळाला बसतं. ताटलीत सावलीत सुकवा, कागदावर चिकटून बसतं. मी एकदा बाटली ओट्यामागे ठेवून विसरले, आठवड्याने बघते तर बाटलीतच मोड आलेले! नीट सुकलेलं बी चार वर्षं सहज उगवतं.

भोपळ्याला मात्र हा हिशोब लावू नका, त्याचे दोन वाण शेजारी असले की मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. यंदाचं फळ ठरल्यासारखंच येतं, गोंधळ आतल्या बियांत असतो.

प्रश्न: कंपोस्टच्या ढिगाला घाण वास येतोय, सडके कांदेपण त्यातच टाकलेत.

उत्तर: ओलं जास्त झालंय, हवा कमी. वाळलेला पाला किंवा भुसा भरपूर मिसळा आणि ढीग उलथा. मुठीत दाबून एखाददुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर. आणि सडक्या कांद्यांचा रोग त्यात उरू शकतो, म्हणून हे खत कांदा-लसणाच्या वाफ्यात घालू नका, दुसऱ्या भाज्यांच्या वाफ्यात घाला.