मुरुमं: वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

दर महिन्याला मुरुमांचेच प्रश्न जास्त येतात आणि गैरसमजही तेच असतात. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते.

मला आणि मिस्टरांना कॉलेजात खूप मुरुमं होती. मुलगा 13 वर्षांचा आहे. त्यालाही येतील का?
शक्यता बरीच आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास निघाला आहे. मुरुमं कदाचित टळणार नाहीत, पण खड्डे टाळता येतात. तुमच्यापैकी कुणाच्या गालावर व्रण असतील, तर पहिली दुखरी गाठ आली की लगेच दाखवा. ‘वयात आलाय, जातील आपोआप’ म्हणत दोन वर्षं घालवू नका.

पोट साफ नसल्यामुळे येतात ना?
नाही. चूर्णाचे पैसे वाचवा.

रोज खोबरेल चोपडते. कपाळभर बारीक पुटकुळ्या आहेत.
मग उत्तर तुम्हीच दिलंत. तेल थांबवा.

जिम सुरू केल्यापासून पाठीवर गाठी आल्यात. ट्रेनर म्हणतो, घामामुळे.
आणि त्यानेच विकलेला व्हे प्रोटीन पावडरचा डबा? व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन, काहींना त्याने मुरुमं भडकतात. दोन-तीन महिने बंद करून बघा, मैदा आणि गोडही कमी करा. ‘ताकदीचं’ इंजेक्शन घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

बहिणीच्या क्रीमने आठवड्यात चेहरा उजळला. पण बंद केलं की दुप्पट मुरुमं येतात.
ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. सूज दबते, चेहरा गुळगुळीत दिसतो, घरचे ‘छान झालं’ म्हणतात. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा उमटतात, गालांवर लव वाढते आणि एकसारख्या पुटकुळ्यांचं पीक येतं. बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. विकणाऱ्याचा धंदा यावरच चालतो! चिठ्ठीशिवाय ही क्रीम्स द्यायची नाहीत, असा नियम असूनही ‘पिंपलचं काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर ट्यूब हजर. तुमची ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कधी आणि कसं थांबवायचं ते त्वचा पाहूनच ठरतं, पाठवलेल्या फोटोवरून नाही.

वय 28. हनुवटीवर गाठी येतात, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते.
आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पीसीओएसची, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. तोवर कुणाच्या उरलेल्या, मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाच्या गोळ्या घेऊ नका. दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.