कोकणात वाजवणाऱ्याने ट्यूब प्रीअ‍ॅम्पचा बास अ‍ॅम्प कसा निवडावा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळच्या ऑर्केस्ट्रात पाच तारांचा बास गिटार वाजवतोस, गणपतीत आणि लग्नसराईत रोज नवं गाव, मधूनच एखादं फेस्त. सध्याच्या कॉम्बोचा (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आवाज कोरडा वाटतो, म्हणून ट्यूब प्रीअ‍ॅम्पचं हेड घ्यायचंय. (हेड म्हणजे स्पीकर नसलेला सुटा अ‍ॅम्प, प्रीअ‍ॅम्प म्हणजे आवाज घडवणारा त्याचा पहिला भाग, आणि ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी.) त्यात जहाजावर असलेला मामेभाऊ अमेरिकेतून एक जुना, पूर्ण ट्यूबचा अ‍ॅम्प आणून द्यायला तयार आहे. तो घ्यावा का, आणि नाही तर काय घ्यावं?

मामेभावाला आधी नको म्हणून कळव. पूर्ण ट्यूबच्या अ‍ॅम्पवर माझं मनापासून प्रेम आहे. अँपेगचा एसव्हीटी १९६९ साली आला तेव्हा ट्यूबवर ३०० वॅट काढणारं बासचं हेड ही मोठीच गोष्ट होती, आणि रॉकमधला बास कसा वाजावा हे पुढे बऱ्याच अंशी त्यानेच ठरवलं. पण ते हेड ३५ किलोच्या पुढचं. ते रिक्षातून आणि टेम्पोच्या टपावरून गावोगाव नेणार कोण? पॉवर ट्यूब झिजतात, बदलल्या की बायस (ट्यूबमधून वाहणाऱ्या विजेची जुळवणी) तपासून घ्यावा लागतो, आणि ते करून देणारा माणूस आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला बसलेला नाही. स्पीकर न जोडता चुकून वाजवलास तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शिवाय तिकडचा अ‍ॅम्प १२० व्होल्टचा, म्हणजे आणखी एक जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा गळ्यात.

प्रीअ‍ॅम्पपुरती ट्यूब आणि पुढे क्लास-डी पॉवर (हलकं, कमी तापणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट), हा जोड तुझ्या कामाचा आहे. प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबला बायस लावत बसावं लागत नाही, ती वर्षानुवर्षं चालते, आणि गेलीच तर बदलणं सोपं असतं, फक्त झाकण उघडावं लागत असेल तर ते मेकॅनिककडून करून घे.

आता त्या ट्यूबकडून अपेक्षा काय ठेवायची ते नीट समजून घे, कारण बहुतेकांचा पैसा इथेच चुकीच्या जागी जातो. ट्यूबमुळे अ‍ॅम्प मोठा वाजत नाही. खालचा ई ४१ हर्ट्झचा, तुझ्या पाचव्या तारेचा बी जवळजवळ ३१ हर्ट्झचा. हे मूळ स्वर दहा-बारा इंची स्पीकरमधून पूर्ण ताकदीने निघतच नाहीत. आपला कान पकडतो ते त्यांच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे स्वर. ट्यूबवर गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) चढवला की ती नेमके हे स्वर भरते, आणि तार जोरात छेडली तर आवाजाच्या लाटेचा शेंडा हलकेच गोल करते. म्हणून ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गर्दीतही बासची चाल कळते. पण गेन खाली ठेवून अगदी स्वच्छ वाजवणार असशील, तर ट्यूब असलेल्या आणि नसलेल्या हेडमधला फरक श्रोत्याला कळणार नाही. तुला ती भरीव गुरगुर हवी असेल तरच ट्यूबवर खर्च कर.

आणि ट्यूब खरोखर कामाला लावलेली आहे का ते बघ. प्रीअ‍ॅम्पमध्ये बहुधा १२एएक्स७ असते, युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिला नीट चालायला प्लेटवर शंभर-दोनशे व्होल्ट तरी लागतात. काही स्वस्त हेडमध्ये तिला फार कमी व्होल्टेजवर नावाला बसवलेली असते, सिग्नलचं काम एक छोटी चिप म्हणजे ऑप-अ‍ॅम्प करतो आणि जाळीमागे नारिंगी एलईडी लावून उजेड दाखवतात. खऱ्या हीटरचा उजेड मंद असतो आणि मधल्या नळीच्या टोकाशीच दिसतो. सगळी काच झगझगत असेल तर तो दिवा आहे. सेकंडहँड घेणार असशील तर ट्यूबच्या आतल्या वरच्या टोकाचा चंदेरी आरसा बघ. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेत हवा शिरली, ट्यूब मेली. मात्र झाकण स्वतः उघडू नकोस, बंद केल्यावरही आतले कपॅसिटर जीवघेणं व्होल्टेज धरून बसतात.

वॅटचं थोडक्यात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, त्यामुळे ५०० की ८०० यात रात्र घालवू नकोस. ५०० वॅट हा आकडा बहुधा ४ ओहमचा असतो (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), ८ ओहमचा एकच कॅबिनेट जोडलास तर साधारण निम्मे किंवा थोडे जास्त मिळतात. मी म्हणेन की ८ ओहमचे, बारा इंची, हलक्या निओडायमियम चुंबकाच्या स्पीकरचे दोन छोटे कॅबिनेट घे. हॉलमध्ये एक ने, मैदानावर दोन. दोन मिळून ४ ओहम होतात. कॅबिनेट प्लायवुडचाच घे. एमडीएफच्या कडा आपल्या पावसाळ्यात फुगतात आणि मग कोपऱ्याचे स्क्रू धरत नाहीत.

आपल्या मैदानावर लोकांपर्यंत आवाज पोचवते ती साउंडवाल्याची सिस्टिम. तुझा अ‍ॅम्प स्टेजवर तुझ्यासाठी आणि ड्रमरसाठी. म्हणून हेडमागचं डी.आय. आउट (मिक्सरला थेट केबल जोडायची जागा) हे मला पुढच्या सगळ्या नॉबांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्याला प्री-पोस्टचं बटण हवं. पोस्टवर ठेवलं तर ट्यूबमधून आणि टोनमधून गेलेला तुझा आवाज मिक्सरला जातो, प्रीवर ठेवलं तर नुसता बास. ग्राउंड लिफ्टचं बटणही (फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या केबलचं अर्थ तोडणारं) हवंच. मांडवात घूंऽऽ सुरू झाली की साउंडवाला प्लगची अर्थची पिन मोडायला निघतो. ते कधीही करू देऊ नकोस. ओल्या स्टेजवर, माइकला ओठ लावून उभ्या असलेल्या गायकाच्या शेजारी, तीच पिन तुमचा जीव वाचवते. ग्राउंड लिफ्ट दाब, बहुतेक वेळा घूं तिथेच थांबते.

वीज आणि खारी हवा, या दोन गोष्टींचा विचार दुकानदार करणार नाही, तो तुलाच करायचाय. लाइनच्या शेवटच्या टोकावरच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज बसतं. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या हेडमध्ये त्याबरोबर ट्यूबचा हीटरही थंडावतो आणि आवाज मरगळतो. स्विच-मोड सप्लायचं (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटने वीज घेणारं) हेड हे बऱ्यापैकी सांभाळून घेतं, फक्त मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघ. काहींवर एकच व्होल्टेज असतं. जनरेटरवर असाल तर तो सुरू होऊन, हॅलोजन लागून स्थिरावल्यावरच अ‍ॅम्प चालू कर.

खाऱ्या हवेचं म्हणशील तर ट्यूबची काच बंद असते, तिला काही होत नाही. गंजतात त्या पिना, सॉकेट आणि जॅक. इकडच्या अ‍ॅम्पचा हमखास आजार सांगतो: वाजवता वाजवता आवाज अचानक अर्धा होतो, हेडवर थाप मारली की परत येतो. लोक ट्यूब बदलतात, स्पीकर उघडतात. दोष असतो इफेक्ट लूपच्या (बाहेरचं इफेक्टचं यंत्र जोडायची सेंड-रिटर्न जॅकची जोडी) रिटर्न जॅकमध्ये. त्या जॅकच्या आत एक पत्ती असते. केबल लावलेली नसताना सिग्नल तिच्यातूनच पुढे जातो, आणि तिच्यावर ऑक्साइड चढलं की वाट अडते. सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लाव. आवाज पूर्ववत झाला तर रोग सापडला. मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग पाच-दहा वेळा आत-बाहेर कर. कार्यक्रमाला जाताना ती केबल बॅगेतच असू दे. पावसाळ्यात हेड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नकोस, आत दमट हवा कोंडते. कापडी कव्हर, सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवणं, एवढं पुरे.

आता नावं. ऑरेंजचा टेरर बास ५०० वॅटचा, ट्यूब प्रीअ‍ॅम्प आणि क्लास-डी, एका हातात उचलता येतो. गुरगुर झकास, पण टोनचे नॉब मोजकेच. अँपेगचा एसव्हीटी-३प्रो ४५० वॅटचा, जुना मिळाला तर आवाजाला खरा, मात्र जड. अ‍ॅग्युलरचा डीबी ७५१ फार सुंदर, तोही जड, आणि किंमत तुझ्या आवाक्याबाहेर जाईल असं वाटतं. मार्कबासच्या लिटल मार्क ट्यूबमध्ये ट्यूब आणि सॉलिड-स्टेट यांचं मिश्रण एका नॉबने कमीजास्त करता येतं. तुमच्या ऑर्केस्ट्रात एका गाण्याला कोळीगीत, पुढच्याला जुनं हिंदी, नंतर रॉक. तुझ्या जागी मी हाच घेईन.

दुकानात, मग ते मुंबईतलं असो की मडगावचं, जाताना तुझाच बास ने. तो अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) असेल तर इनपुटचं पॅड (आत येणारा सिग्नल कमी करणारं बटण) दाबून आणि न दाबता, दोन्ही ऐक. टोनचे नॉब मध्यावर ठेव, बी तारेवर हळू वाजव आणि गेन इतका चढव की हळू वाजवताना स्वच्छ आणि जोरात वाजवताना कडा भरलेली ऐकू येईल. ती जागा नॉबच्या अगदी टोकाला सापडत असेल तर ते हेड तुझ्या बासला जुळत नाही, दुसरं ऐक. आणि आठ ओहमचा एकच कॅबिनेट लावून ऐकव म्हणून सांग, नाहीतर दुकानात आठ स्पीकरच्या कपाटावर सगळंच छान वाजतं.