डायक्लोफेनॅक माणसाला चालतं, गाईला चालतं, मग गिधाडच का मरतं?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. नाशिकला माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाचं इंजेक्शन मी स्वतः विकलेलं आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की औषध त्यांच्या पोटात जातं.

त्र्यंबक रस्त्यानं जाताना अंजनेरीच्या कड्यावर पांढरे ओघळ दिसतात. ती गिधाडांची विष्ठा, आणि तो पांढरा रंग युरिक ॲसिडचा. उत्तर तिथंच आहे. आपण आणि गाय नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो. युरिया पाण्यात सहज विरघळतो. पक्षी मात्र तो युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात आणि ते रक्तातून बाहेर काढायचं काम मूत्रपिंडालाच करावं लागतं. डायक्लोफेनॅकनं गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, युरिक ॲसिड रक्तात साठतं आणि काळीज, यकृत यांच्यावर खडूच्या भुकटीसारखा थर बसतो. दोन-तीन दिवसांत पक्षी मान टाकतो.

किती लागतं? पाचेक किलोच्या गिधाडाला साधारण एक मिलिग्रॅम. आपली नेहमीची गोळी ५० मिलिग्रॅमची असते! पण सगळी गिधाडं अशी नाहीत. अमेरिकेतलं टर्की गिधाड याच्या शंभरपट मात्रा सोसतं.

गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल, की सडक्या मांसातले बहुतेक जिवाणू तिथं मरतात. काळपुळीनं मेलेलं जनावरही ते पचवतं. जिवाणूंशी लढायची तयारी त्याच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या झाली, या औषधाची ओळखच नव्हती.

गिधाडं या औषधानं मरतात हे २००४ साली समजलं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर लांब चोचीची सुमारे ९७ टक्के गिधाडं संपली होती. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी, भरून कसा निघणार? पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जायला लागल्या, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीपेक्षा मोठी बाटली बंद केली. ॲसिक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या दुसऱ्या औषधाचं गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं. त्यावर आणि किटोप्रोफेन या तशाच घातक औषधावर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली.

तुमच्याकडे गुरं असतील तर डॉक्टरांना मेलोक्सिकॅम द्यायला सांगा. गुराचं दुखणं त्यानंही थांबतं आणि गिधाडाला ते बाधत नाही. दुसरं कुठलं दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि त्या आठवड्यात जनावर दगावलं, तर माळावर टाकू नका, खोल खड्डा घेऊन पुरा.